रविवारी शटर खाली: बर्लिनच्या चार रविवारांची केस

मी बर्लिनला उतरलो तो शुक्रवार होता. शनिवार सगळा सिमकार्ड, चादरी आणि झोप यात गेला आणि रविवारी सकाळी उठून बघतो तर घरात पुण्याहून आणलेली थालीपिठाची भाजणी आहे, तिखट आहे, हळद आहे, पण कांदा नाही आणि तेलही नाही. म्हटलं खाली जाऊन आणू, चार मिनिटांवर दोन सुपरमार्केट आहेत. दोन्ही बंद. पुढचं बंद, त्याच्या पुढचंही बंद. मला वाटलं संपबिंप आहे की काय. शेवटी ट्रेन पकडून मुख्य स्टेशनवर गेलो, तिथलं सुपरमार्केट उघडं असतं कारण प्रवाशांच्या सोयीसाठी कायद्यात सूट आहे, आणि तिथे अशी झुंबड की दादर परवडलं. सगळे "प्रवासी" हातात दूध, अंडी आणि टॉयलेट पेपर घेऊन रांगेत. एका कांद्यापायी अडीच तास गेले.

पुढच्या महिन्यात अशाच एका रविवारी शेल्फ लावायला ड्रिल काढलं. दोन भोकं पाडून होतायत तोवर दारावर टकटक. शेजारच्या आजी. सत्तरी पार केलेल्या, सगळा जन्म पूर्व बर्लिनमध्ये गेलेला, बाप्तिस्मा झालेला नाही, चर्चमध्ये गेल्याच तर गाण्याच्या कार्यक्रमाला. मला म्हणाल्या, "अहो, आज रविवार आहे." बस. पुढे काही नाही, कारण नाही, समजावणं नाही. आपल्याकडे कुणी दारात येऊन "अहो, आमच्याकडे सुतक आहे" म्हणावं आणि आपण टीव्हीचा आवाज कमी करावा, तसा तो सूर होता.

आता देव न मानणारी बाई रविवार मात्र एवढा कडक कसा मानते, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. त्यावर वाचत वाचत एका कोर्टकेसपाशी येऊन थांबलो, आणि मला वाटतं की आजच्या सेक्युलर युरोपात ख्रिश्चन धर्म नेमका कुठे शिल्लक आहे हे त्या एका केसमधून जेवढं कळतं तेवढं चर्चच्या सभासदांचे आकडे बघून कळत नाही. म्हणून ती सविस्तर लिहितोय.

तर झालं असं. जर्मनीत दुकानं किती वाजता बंद करायची यासाठी 1956 पासून देशभर एकच कायदा होता. सुरुवातीला तर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहाला शटर खाली, शनिवारी त्याहून लवकर. पुढे हळूहळू ढील दिली गेली, 1996 मध्ये आठ वाजले. मग 2006 मध्ये केंद्र आणि राज्यांमधल्या अधिकारांची वाटणी बदलली आणि हा विषय राज्यांकडे गेला. बर्लिन शहर हे स्वतःच एक राज्य आहे, आणि बर्लिनने जी संधी घेतली ती एकदम दणक्यात. नोव्हेंबर 2006 च्या नव्या कायद्यात सोमवार ते शनिवार चोवीस तास दुकान उघडं ठेवायची मुभा, आणि रविवारचं म्हणाल तर नाताळच्या आधीचे चारही ॲडव्हेंट रविवार दुपारी एक ते रात्री आठ उघडे, वर सरकार ठरवेल ते आणखी चार, वर दुकानदाराला स्वतःच्या खास प्रसंगासाठी आणखी दोन. म्हणजे वर्षातले दहा. देशात सगळ्यात सैल कायदा.

आणि हे केलं कोणी? उजव्या बाजारवाद्यांनी नाही. महापौर क्लाउस व्होवेराइट यांचं सरकार होतं, सोशल डेमोक्रॅट आणि त्यांच्यापेक्षाही डावीकडचा पक्ष यांची आघाडी. कामगारांचं नाव घेऊन मतं मागणाऱ्यांनी रविवारची दुकानं उघडली, आणि ती बंद करायला कोर्टात गेले कोण, तर चर्च. बर्लिन आणि आसपासच्या भागाचं प्रोटेस्टंट चर्च आणि बर्लिनचं कॅथलिक आर्चडायोसिस, दोघांनी वेगवेगळ्या तक्रारी थेट कार्ल्सरुहे शहरातल्या, देशाच्या घटना न्यायालयात टाकल्या. ॲडव्हेंट म्हणजे नाताळची वाट बघण्याचे चार आठवडे, घरात दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावतात, आणि नेमके तेच चार रविवार ओळीने खरेदीचे करून टाकले हे चर्चला भयंकर झोंबलं. व्यापाऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्याचंही साधं होतं, वर्षभराचा गल्ला त्याच महिन्यात भरतो. दिवाळीच्या आधीच्या रविवारी लक्ष्मी रोड बंद ठेवा म्हटलं तर काय होईल बघा.

इथे निकाल लागला त्या वर्षीची, म्हणजे 2009 ची, एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय केसची खरी गंमत कळत नाही. एप्रिल 2009 मध्ये बर्लिनमध्ये एक सार्वमत झालं होतं. शाळेत सातवीपासून सगळ्यांना नीतिशास्त्र हा विषय सक्तीचा होता आणि धर्माचा तास ज्याला हवा त्याने वेगळा घ्यायचा. चर्चवाल्यांचं म्हणणं होतं की दोन्हींना बरोबरीचा दर्जा द्या, मुलांना निवडू द्या. मोठी मोहीम झाली, पोस्टर, नामवंत चेहरे, सगळं. आणि हरले. मतदान कमी झालं, त्यातही नाही म्हणणारे हो म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. शहरच तसं आहे, इथले बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत. मतपेटीत चर्चचा निकाल वसंतातच लागून गेला होता. त्याच वर्षी 1 डिसेंबरला त्याच दोन चर्चनी कोर्टात केस जिंकली. देव शिकवायला शहर तयार नव्हतं पण देवाचा वार सांभाळायला राज्यघटना तयार होती.

निकाल असा: ॲडव्हेंटचे चारही रविवार ओळीने उघडे ठेवणं घटनेत बसत नाही. त्या वर्षीचा पहिला ॲडव्हेंट रविवार 29 नोव्हेंबरला होऊनही गेला होता, माल भरलेला होता, म्हणून उरलेले तीन तेवढे चालू दिले, 2010 पासून मात्र बंद.

कोर्टाला हे कसं करता आलं ते जरा खोलात बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. जर्मनीत देशाचा असा धर्म नाही, "राज्याचं चर्च नाही" असं घटनेत स्वच्छ लिहिलंय. पण त्याच घटनेत एक जुनं कलम आहे, मूळचं 1919 च्या वायमार घटनेतलं (पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाची घटना) 139 नंबरचं, जे 1949 मध्ये नव्या घटनेत आहे तसं उचलून घेतलं. त्याचा अर्थ असा की रविवार आणि सरकारमान्य सणावारांचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे आणि "मनाच्या उन्नतीचे" दिवस म्हणून कायद्याने सुरक्षित राहतील. मला तो शब्द फार आवडतो, मनाची उन्नती. देव नाही म्हटलेलं, प्रार्थना नाही म्हटलेलं, प्रभूचा दिवस तर नाहीच नाही. नास्तिकालाही सही करता येईल आणि बिशपलाही. 1919 मध्ये हे लिहिणाऱ्यांत समाजवादी होते आणि कॅथलिक पक्षही होता, दोघांना एका वाक्यात बसवायचं तर असाच शब्द लागतो.

घटना न्यायालयाने हे कलम धर्मस्वातंत्र्याच्या कलमाला जोडलं आणि म्हटलं की चर्चला याच्या आधारावर दाद मागता येते. पण लगेच हेही म्हटलं की रविवारचं संरक्षण फक्त धार्मिक नाही. उगम ख्रिश्चन परंपरेत आहे हे कोर्ट लपवत नाही, मात्र त्या दिवसाला शरीराची विश्रांती, कुटुंब, मित्रमंडळी, क्लब, संघटना असे पूर्ण ऐहिक हेतूही आहेत. निकालात एक कल्पना येते, समाजाचं आयुष्य एका तालात चालण्याची. सुट्टी प्रत्येकाला आठवड्यातून एक मिळाली पण तुझी मंगळवारी, माझी गुरुवारी, पोराची रविवारी, तर ती सुट्टी असून नसल्यासारखी. ज्यांच्या घरात नवरा मॉलमध्ये आणि बायको हॉस्पिटलमध्ये शिफ्टला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

मग अपवाद? अपवाद चालतील पण कारण वजनदार हवं, आणि इथे कोर्टाने जे म्हटलं ते व्यापारी अजून विसरलेले नाहीत: दुकानदाराची नुसती विक्रीची इच्छा आणि गिऱ्हाइकाची रोजचीच खरेदीची हौस, एवढ्यावर रविवार मोडता येणार नाही. रविवारसाठी काम आणि रविवारी काम यात फरक केलाय. हॉटेल, ट्राम, म्युझियम, पेट्रोल पंप हे लोकांचा रविवार नीट जावा म्हणून चालू असतात. बेकरीसुद्धा सकाळी काही तास, कारण जर्मन माणसाला रविवारी सकाळी ताजा पाव मिळाला नाही तर उन्नती कसली न काय. पण सोफा किंवा जीन्स रविवारीच घ्यायला हवी असं काही नाही, ती सोमवारी घ्या.

यात जे झालं त्याला मी भाषांतर म्हणतो. चर्च आपली गाऱ्हाणी घेऊन धर्माच्या भाषेत गेलं, कोर्टाने ती विश्रांती, कुटुंब, समाजाचा ताल अशा भाषेत फिरवून घेतली, आणि या नव्या भाषेत ती कुणालाही मान्य होण्यासारखी झाली, माझ्या शेजारच्या आजींनाही. चर्चलाही हे कळत होतं, आणि जोडीदार त्यांना आधीच मिळालेला होता: फेर्डी, म्हणजे सेवाक्षेत्रातली मोठी कामगार युनियन. कॅशियर बायका, गोडाऊनमधली पोरं, यांची युनियन. तिला ॲडव्हेंटशी देणंघेणं नाही, तिला मेंबरांची सुट्टी हवी. पाद्री आणि युनियनवाले "मोकळ्या रविवारसाठी" एका मंचावर. जुन्या जर्मनीत हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

तशी ही जोडी अगदीच नवी नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवारी न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावं असा हुकूम काढला, शेतकऱ्यांना मात्र सूट दिली कारण पेरणीचा मुहूर्त चुकला की गेलं (हुकमात नाव सूर्याच्या वाराचं आहे, येशूचं नाही, म्हणजे भाषांतराची खोड तेव्हापासूनची). मध्ये शतकानुशतकं रविवार चर्चचा राहिला. मग कारखाने आले आणि चिमणीपुढे घंटेचं कोण ऐकतंय, रविवारीही यंत्रं चालायला लागली. तो परत मिळवला कामगार चळवळीने. जर्मनीत 1891 च्या कायद्याने कारखान्यांतलं रविवारचं काम बंद केलं आणि दुकानांना पाच तासांची मर्यादा घातली, 1919 मध्ये दुकानंही बंद झाली. म्हणजे आज जो रविवार "ख्रिश्चन वारसा" म्हणून मिरवतो त्याची अर्धी राखण लाल झेंड्याने केलीय.

आणि हे वाचताना मराठी माणसाला नारायण मेघाजी लोखंडे आठवले नाहीत तर नवल. मुंबईच्या गिरण्यांमध्ये सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नाही. इंग्रज साहेब रविवारी चर्चला जायचा, कचेऱ्या बंद असायच्या, गिरणी मात्र चालू. लोखंड्यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं, त्यात पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. पुढे सभा, अर्ज, चिकाटी, आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. आता लोखंडे जोतीरावांच्या सत्यशोधक चळवळीतले, चर्चशी त्यांना काय करायचंय. त्यांनी सांगितलं रविवार आमच्या खंडोबाचा वार आहे. बघा हं, साहेबाचा प्रभूवार होता तो इकडे खंडोबाचा झाला आणि सुट्टी कामगाराची झाली. जर्मनीचा कायदा 1891 चा, आपला करार 1890 चा. भाषांतर करण्यात आम्ही वर्षभर पुढेच होतो म्हणायचं.

पण सगळीकडे कोर्ट हे भाषांतर करून देतंच असं नाही. कॅनडात रविवारी व्यापार बंद ठेवणारा जुना कायदा होता, नावातच "प्रभूचा दिवस". कॅल्गरीतल्या एका दुकानावर त्याखाली कारवाई झाली आणि 1985 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायदाच उडवला, कारण हेतू उघड धार्मिक आहे. पुढच्याच वर्षी ऑन्टारिओ राज्याचा रविवारबंदीचा कायदा मात्र त्याच कोर्टाने टिकवला, कारण त्याचा हेतू दुकानात राबणाऱ्यांना एक समान सुट्टी देण्याचा होता. तीच रविवारची बंद दुकानं, पण एका कायद्याने देवाचं नाव घेतलं म्हणून तो गेला आणि दुसऱ्याने नाही घेतलं म्हणून तो राहिला.

आता जे मला खटकतं ते. रविवार सगळ्यांचा म्हणतात, पण त्याची किंमत सगळे सारखी देत नाहीत. बर्लिनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर श्पेटी असतात, आपल्या पानटपरी आणि किराणा दुकानाच्या मधलं काहीतरी, रात्री उशिरापर्यंत बिअर, चिप्स, सिगारेट, दूध. खूपशी तुर्की, अरब, व्हिएतनामी कुटुंबांची. रविवारी त्यांनाही कायद्याने बंदच, फक्त फुलं, पेपर, पाव, पर्यटकांच्या उपयोगाच्या वस्तू असं काही मोजकं विकत असाल तर चालतं. आमच्या कोपऱ्यावरचा काका शुक्रवारी दुपारी नमाजाला जातो तेव्हा दुकानात बायकोला बसवून जातो, आणि रविवारी शटर अर्धं खाली ओढून, पोलीस दिसतायत का बघत धंदा करतो. त्याच्या शुक्रवारला घटनेत कलम नाही. ज्यू माणसाच्या शनिवारलाही नाही. सेक्युलर म्हणजे सगळ्यांना समान अंतरावर ठेवणं असं आपण शाळेत शिकलो, इथे सगळ्यांना समान अंतरावर ठेवलंय खरं पण मोजायची टेप चर्चच्या दारापासून सुरू होते.

यावर जर्मन मित्राचं उत्तर ठरलेलं, की सात दिवसांतला कुठलातरी एक निवडावाच लागतो, मग जो पडलेला आहे तोच घेतला. बरोबर आहे, मान्य. पण कुठला पडलेला आहे हे ठरलं कसं, ते म्हणजेच प्रभाव. ज्याला स्वतःचं समर्थन करावं लागत नाही तो. आजी "आज रविवार आहे" एवढंच म्हणून थांबू शकल्या ते त्यामुळेच.

निकालानंतर काय झालं ते पटकन सांगतो. बर्लिनने कायदा बदलला, चार ॲडव्हेंट रविवारांऐवजी आता साधारण दोन उघडे असतात, आणि त्या दोन दिवशी कुदाम या खरेदीच्या मोठ्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, चर्चचे सभासद असलेलेही तिथेच असतात, त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. फेर्डीने तर निकालाचं हत्यारच केलं. गावोगावच्या नगरपालिका एखादी जत्रा किंवा बटाटा महोत्सव काढून त्या निमित्ताने रविवारी दुकानं उघडायच्या, युनियनने एकेकीला कोर्टात खेचलं. 2015 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की जत्रा मुख्य आणि दुकानं तिच्या शेपटाला असली पाहिजेत, उलटं नाही. त्याआधी 2014 मध्ये हेसेन राज्यातल्या एका केसमध्ये तर सार्वजनिक वाचनालयं आणि कॉल सेंटर यांनाही रविवारी माणसं कामाला लावायला मनाई झाली. वाचनालय! मनाच्या उन्नतीसाठी ज्या दिवशी जावं तिथेच कुलूप. इथे मी युनियनच्याही बाजूने नाही आणि चर्चच्याही.

आणि शेवटी फुल्डाची गोष्ट. फुल्डा हे हेसेनमधलं जुनं कॅथलिक शहर. तिथल्या एका सुपरमार्केट साखळीने छोटी छोटी विनामाणसाची दुकानं काढली, लाकडी डब्यासारखी, कार्ड दाखवून आत जा, वस्तू घ्या, स्वतः स्कॅन करा, बाहेर या. कॅशियर नाही, रात्रंदिवस चालू. रविवारी तर तुफान चालायची. फेर्डीने हरकत घेतली आणि डिसेंबर 2023 मध्ये राज्याच्या वरच्या प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं, दुकान ते दुकान, आत माणूस असो नसो, रविवारी बंद.

मला ही केस कळल्यावर बर्लिनच्या केसकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. 2009 मध्ये रविवार दोन खांबांवर उभा होता, एक चर्च आणि एक कॅशियर बाई. या डब्यात कॅशियर बाईच नाही. माल भरणं शनिवारी होऊन जातं. मग विश्रांती कुणाची? यंत्राची? युनियनला भीती की आज हा डबा उघडला तर उद्या माणसाच्या दुकानांनाही उघडावं लागेल, आणि ती भीती काही खोटी नाही. पण कामगार वजा केल्यावर मागे काय राहतं बघितलं तर तो जुना घंटेचा वारच राहतो, भाषांतराच्या आधीचा.

हेसेनच्या विधानसभेने 2024 मध्ये कायदा बदलला, छोट्या विनामाणसाच्या दुकानांना रविवारी मुभा दिली. आजींना हे सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, आत खरंच कुणी नसतं? म्हटलं नाही, कुणीच नाही. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कुणाला त्रास नाही. पण तरी रविवारी कसं काय?"